पिऊन पडलेला माणूस आणि आत चाललेला रक्तस्राव



या पानावर आम्ही एरवी बेणे प्रक्रिया, खोडव्यातले पाचट आणि खताचे हप्ते यांविषयी लिहितो. या अंकातला विषय उसाचा नाही, माणसाचा आहे. पण आपल्या सभासदांच्या घराघराशी त्याचा संबंध येतो, म्हणून ऊस विकास विभागाच्या हक्काच्या पानात त्याला जागा दिली आहे.

दोन हंगामांपूर्वी आमच्या गट कार्यालयात एक जुने सभासद लागणीची नोंद द्यायला आले. नोंद झाली तरी उठेनात. मग हळूच बोलले. त्यांचा पुतण्या मुंबईला घाटकोपरला कामाला होता. पगाराच्या रात्री मित्रांबरोबर बसला, पुष्कळ प्याला, आणि परतताना लोकल थांबायच्या आतच उतरला. फलाटावरच्या बाकड्याच्या कडेवर डावी कूस आपटली. अंगावर थोडे खरचटले होते. रक्त म्हणाल तर रुमालभर. मित्रांनी रिक्षात घालून डोंगरावरच्या चाळीत आणला. "डावा खांदा दुखतोय," म्हणाला. "उकडतंय, पंखा लावा," म्हणाला. दोनदा लघवीला जाऊन आला. थोडा वेळ बडबडला, शिव्या दिल्या, मग गप्प झाला. पहाटे पाचला हात लावून पाहिला तर गार. दवाखान्यात नेईतो संपला होता. बरगडीच्या आड प्लीहा, ज्याला आपण पाणथरी म्हणतो, ती फाटली होती आणि सगळे रक्त पोटात साठले होते.

सभासद आम्हाला म्हणाले, "साहेब, पोरं वाईट नव्हती. पिऊन पडलाय, उतरली की उठेल, असं समजून झोपू दिलं त्यांनी."

हे वाक्य आमच्या डोक्यातून गेले नाही. नाव-गाव आम्ही देत नाही, घरच्यांचे दुःख ताजे आहे. पण ही चूक आपल्यापैकी कोणाच्याही हातून होऊ शकते, म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी.

मुंबईच्या उपनगरांनी दारूचे मोठे घात पाहिले आहेत. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने माणसे गेली. मालवणीत तर शंभरावर बळी पडले. तिथे दारूत मिथेनॉल हे विष होते. त्याची बातमी होते, चौकशी होते, खटला चालतो. पण आपल्याच मळीपासून निघणारी, परवान्याच्या दुकानात मिळणारी, ज्यात विष नाही अशी दारूसुद्धा जखमी माणसाचा घात करते. तो घात मात्र कोणाच्या वहीत चढत नाही. आम्ही डॉक्टर नव्हे, शेतकीची पदविका घेतलेले आहोत. पण जाणत्या डॉक्टरांपाशी बसून आणि मिळाले ते वाचून जे समजले, ते पाठाच्या रूपाने पुढे मांडतो.

रक्ताचा हिशेब

आधी मोजमाप. मोठ्या माणसाच्या शरीरात वजनाच्या दर किलोमागे सुमारे ७० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे ६० किलोच्या माणसात साधारण सव्वाचार लिटर. दूध संस्थेत रोज लिटरचा हिशेब करणाऱ्यांना हे सांगायला नको की सव्वाचार लिटर म्हणजे काही फार नव्हे.

यातले १५ टक्के, म्हणजे सहाशे मिलिलिटरच्या आसपास गेले तर धडधाकट माणूस सहसा सावरून घेतो. ३० टक्क्यांपर्यंत, म्हणजे सव्वा लिटरपर्यंत गेले की नाडी जलद चालते, हातपाय गार पडतात, जीव घाबरा होतो. पण आडवा असेपर्यंत रक्तदाब पुष्कळदा टिकून दिसतो. ३० ते ४० टक्क्यांत दाब कोसळू लागतो आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. ४० टक्क्यांच्या वर, म्हणजे पावणेदोन लिटरच्या पुढे गेले की तातडीचा उपचार न मिळाल्यास मरण समोर उभे असते.

आणि हे रक्त बाहेर सांडलेले दिसेलच असे नाही. मांडीचे हाड मोडले तर कातडी न फाटताही लिटरभर, कधी त्याहून जास्त रक्त मांडीतच मुरते. पोटात आणि छातीत तर त्याहून अधिक मावते. बाहेर रुमालभर आणि आत घागरभर, अशी ही गोष्ट आहे.

शुद्धीतले शरीर काय करते

विहिरीचे पाणी तळाला गेले की शहाणा शेतकरी काय करतो? गवताचे दार बंद करतो, बांधावरच्या झाडांचे बंद करतो आणि उरलेले पाणी लागणीच्या उसाला वळवतो. शरीरही तेच करते.

मानेतल्या मोठ्या धमनीत आणि हृदयाजवळच्या महाधमनीत रक्ताचा दाब ओळखणारी ठाणी असतात. दाब थोडा उतरला की ती मेंदूला वर्दी देतात. मेंदूकडून हुकूम सुटतात. पहिला हुकूम हृदयाला: जोराने आणि जलद चाल. दुसरा हुकूम कातडी, आतडी आणि स्नायूंकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांना: आवळा. हीच ती दारे बंद करणे. म्हणून जखमी माणूस पांढरा आणि गार पडतो. त्याचे रक्त मेंदू आणि हृदय या लागणीच्या उसासाठी राखलेले असते. मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडून या कामाला जोर देतात.

तिसरी गोष्ट पाणी राखण्याची. मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी व्हॅसोप्रेसिन नावाचे द्रव्य सोडते. ते मूत्रपिंडाला सांगते, पाणी बाहेर टाकू नकोस. लघवी कमी होते. हेच द्रव्य रक्तवाहिन्या आवळायलाही मदत करते. चौथी गोष्ट, पेशींच्या आजूबाजूला असलेले पाणी हळूहळू ओढून रक्तात घेतले जाते. आणि पाचवी, फुटलेल्या जागी रक्त गोठून बूच बसते.

या पाच कामांच्या जोरावर शुद्धीतला माणूस वेळ विकत घेतो. जखमीला मिळालेला हा वेळ फार मोलाचा आहे. त्या वेळात तो दवाखान्यात पोचायला हवा.

दारू कुठे घोळ करते

आता समजा पाटकरीच पिऊन पडला आहे. पाणी तळाला गेलेय, पण वर्दी उशिरा पोचते, हुकूम ढिला सुटतो आणि दारे अर्धवट उघडीच राहतात. नशेतल्या शरीरात नेमके हेच होते.

एक, दारूने कातडीच्या रक्तवाहिन्या सैल पडतात. म्हणून प्यायलेल्याचा चेहरा लाल दिसतो आणि त्याला ऊब वाटते. ज्या वेळी कातडीचे दार बंद करायचे, त्याच वेळी ते उघडे राहते. पुतण्याला उकडत होते ते यामुळे. प्रत्यक्षात त्याचे अंग उष्णता गमावत होते आणि वरून पंखा चालू होता.

दोन, भरपूर दारू पोटात असताना हृदयाच्या आकुंचनाचा जोर कमी होतो. पंपाला जास्त काम सांगायचे तेव्हाच पंप कमी उचल देतो.

तीन, दारू व्हॅसोप्रेसिन दाबते. प्यायलेल्याला वारंवार लघवी लागते ती याचमुळे. रक्त जात असताना थेंब थेंब पाणी राखायचे, तर हा माणूस आधीच लघवीवाटे पाणी घालवून बसलेला असतो. मित्रांना वाटले, लघवीला जातोय म्हणजे ठीक आहे. तो भरवसा खोटा होता.

चार, थंडावलेल्या अंगात रक्त नीट गोठत नाही. रक्त गोठवणारी द्रव्ये ठरावीक उष्णतेलाच चांगली काम करतात. अंग गार पडणे, रक्तात आम्लता वाढणे आणि रक्त न गोठणे, या तिघांची सांगड बसली की डॉक्टरांच्या हातातूनही रोगी निसटतो. दारू यातल्या पहिल्या दोहोंना हातभार लावते.

पाच, साखरेचा प्रश्न. संकटात यकृत आपल्या गोदामातली साखर रक्तात सोडते आणि नवीनही बनवते. दारू पचवण्यात गुंतलेले यकृत नवीन साखर बनवण्यात मागे पडते. रिकाम्या पोटी प्यालेल्या माणसाची रक्तातली साखर धोक्याइतकी उतरू शकते. साखर कारखान्याच्या सभासदाला वेगळे सांगायला नको की मेंदूचे इंधन साखरच आहे.

सहा, आणि हे सगळ्यांत घातक, दारू दुखणे झाकते आणि पाहणाऱ्याचे डोळेही झाकते. पोटात रक्त साठले की ते श्वासाच्या पडद्याला टोचते आणि दुखणे पोटाऐवजी डाव्या खांद्यात जाणवते. पाणथरी फुटल्याची ही जुनी, डॉक्टरांना पाठ असलेली खूण. शुद्धीतला माणूस पोट धरून ओरडला असता. हा नुसता "खांदा दुखतोय" म्हणाला आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

प्रयोग काय सांगतात

हे सारे ऐकीव नाही. २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी निरोगी तरुणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना एकदा दारू आणि एकदा बिनदारूचे पेय देऊन, कमरेखालच्या भागाभोवती हवेचा दाब कमी करण्यात आला. त्यामुळे रक्त पायांकडे ओढले जाते आणि शरीराला रक्त गेल्यासारखेच वाटते. दारू नसताना रक्तवाहिन्या आवळल्या आणि दाब टिकला. दारू असताना मज्जातंतूंतून हुकूम सुटत होता, पण रक्तवाहिन्या हव्या तितक्या आवळल्या नाहीत आणि दाब घसरला. म्हणजे पाटकऱ्याने आरोळी दिली, पण दार काही सरकले नाही.

उंदरांवरच्या प्रयोगांत याहून पुढचे दिसले. दारू दिलेल्या उंदरांचे रक्त काढले तेव्हा त्यांचा दाब जास्त कोसळला, अ‍ॅड्रेनलिनच्या जातीची द्रव्ये आणि व्हॅसोप्रेसिन कमी सुटले, आणि सलाईन देऊनही दाब हवा तितका सावरला नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दवाखान्यांच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काहींत प्यायलेले जखमी जास्त दगावलेले दिसतात, काहींत फरक दिसत नाही, काहींत तर उलटे दिसते. पण त्या वह्यांत दवाखान्यात पोचलेलेच येतात. जो रुळाजवळ, खोलीत किंवा बांधावर "झोपला", तो त्या वहीत येत नाही. त्यामुळे "दारूने काही होत नाही" असा अर्थ कोणी काढू नये.

नेहमी पिणाऱ्याची गोष्ट आणखी अवघड

वर सांगितले ते एका रात्रीच्या दारूचे. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या शरीरात आणखी बिघाड झालेले असतात. रक्त गोठवणारी बहुतेक द्रव्ये यकृत बनवते. यकृत कडक झाले की ती कमी पडतात. पाणथरी फुगते आणि रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी तिच्यात अडकून पडतात. अन्ननलिकेच्या तळाच्या शिरा फुगतात. त्या फुटल्या तर जखम नसतानाही रक्ताची उलटी होऊन माणूस जाऊ शकतो. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली तर ती "पित्त उसळलंय" म्हणून सोडून देऊ नये. त्याच तासाला दवाखाना गाठावा.

उपनगरांतला अनुभव

आपल्या भागातली शेकडो मुले अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला राहतात. त्यांचे रोजचे जिणे लोकलवर. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अडीच हजारांच्या वर माणसे दगावली. त्यांत रूळ ओलांडताना गेलेले सर्वांत जास्त. गाडीतून पडलेलेही थोडे नव्हेत. ते सगळे प्यायलेले होते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण ज्या जागी रोज इतके रक्त सांडते, तिथे वेळेची किंमत काय हे लोकांनी अनुभवातून शिकले आहे.

समीर झवेरी यांनी १९८९ साली बोरिवलीला रेल्वे अपघातात दोन्ही पाय गमावले. पुढे त्यांनी जखमी प्रवाशांना तातडीने उपचार मिळावेत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांच्या २००८ सालच्या जनहित याचिकेतून स्टेशनांवर तातडीचे वैद्यकीय कक्ष आणि रुग्णवाहिका यांचा आग्रह न्यायालयाने धरला. एका माणसाच्या जिद्दीतून उभी राहिलेली ही सोय आहे. घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ले-जुहूचे कूपर, जोगेश्वरीचे ट्रॉमा रुग्णालय आणि शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय ही महापालिकेची मोठी रुग्णालये उपनगरांतल्या जखमींसाठी आहेत. उपनगरात राहणाऱ्या प्रत्येक पोराला आपल्या खोलीपासून सर्वांत जवळचे मोठे रुग्णालय कोणते हे ठाऊक हवे.

वेळेचे गणितही सांगतो. नशा उतरण्याचा वेग ठरलेला असतो. दर तासाला रक्तातली दारू १०० मिलिलिटरमागे साधारण १५ ते २० मिलिग्रॅमने उतरते. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, कशानेही तो वाढत नाही. पुष्कळ प्यालेल्या माणसाची उतरायला आठ-दहा तास जातात. उलट रक्त थांबवणाऱ्या औषधाचा हिशेब पाहा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, ४० देशांतल्या २०,००० हून अधिक जखमींवरच्या चाचणीत ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड या स्वस्त औषधाने मृत्यू कमी झाले. पण त्याचा फायदा पहिल्या तीन तासांत दिला तरच. तीन तासांनंतर तोटा होण्याचीच भीती. म्हणजे "उतरेपर्यंत थांबू" म्हणणारा माणूस आठ तास मागतो आणि जखमीपाशी असतात तीन.

फरक कसा ओळखावा

अस्वस्थपणा, बडबड, शिवीगाळ, मग गुंगी आणि गप्प होणे, ही लक्षणे नशेचीही आहेत आणि जास्त रक्त गेल्याचीही. घोळ इथेच होतो. तेव्हा वागण्यावर जाऊ नये, अंगाकडे पाहावे.

नाडी मोजावी. स्वस्थ पडलेल्या माणसाची मिनिटाला १०० च्या वर चालत असेल आणि बोटाला बारीक लागत असेल तर धोका. नुसत्या नशेतला माणूस बहुधा गरम आणि लालसर असतो. रक्त गेलेला पांढरा, गार आणि घामाने चिकट होतो; मात्र दारूमुळे हे पांढरेपण उशिरा दिसते, हे विसरू नये. बोटाचे नख पाच सेकंद दाबून सोडावे. गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त लागले तर धोका. सारखी तहान लागणे, भराभर श्वास, पोट कडक होणे, कुशीवर वळ, उठून बसवताच डोळ्यांपुढे अंधारी, ही सगळी आतल्या रक्तस्रावाची चिन्हे धरावीत. डोक्याला मार असेल तर "नशेमुळे गुंगी आहे" हा विचारच करू नये.

आमच्या डॉक्टरांनी एक नियम सांगितला तो आम्हाला पटला: पडलेला, आपटलेला, कापलेला माणूस प्यायलेला असला तरी नशा हे निदान सर्वांत शेवटी. आधी रक्तस्राव नाही याची खात्री करावी, मग खुशाल नशा म्हणावे.

काय करावे, काय करू नये

१. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहाताने घट्ट दाबावे. दर मिनिटाला उचलून पाहू नये. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे.

२. हात किंवा पाय चेंगरून, कापून रक्ताची धार थांबतच नसेल तरच जखमेच्या वर रुंद पट्टा आवळून बांधावा. बांधल्याची वेळ लिहून ठेवावी आणि तो दवाखान्यातच सोडावा. सुतळी किंवा तार वापरू नये.

३. माणसाला आडवे निजवावे, ओले कपडे काढून घोंगडी किंवा चादर पांघरावी. त्याला उकडते म्हणाला तरी पंखा लावू नये, पाणी ओतू नये.

४. गुंगीत असेल आणि उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी श्वासात जाणार नाही. मान किंवा पाठ दुखावल्याचा संशय असेल तर डोके, मान आणि धड एका रेषेत धरून दोघातिघांनी मिळून वळवावे.

५. चहा, पाणी, जेवण काही देऊ नये. "थोडी पाजा, दुखणं कमी होईल" हा सल्ला तर शत्रूनेही देऊ नये. जखमेत हळद, चुना, माती, डिझेल घालू नये.

६. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात घालू नये.

७. १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका लांब असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे.

८. डॉक्टरांना खरे सांगावे: किती प्याला, कधी प्याला, जेवला होता का. हे लपवल्याने भुलीचे औषध, साखर, रक्ताच्या चाचण्या, सगळ्यांचा हिशेब चुकतो. दारूने लॅक्टेटसारख्या चाचणीचा आकडाही बदलू शकतो, म्हणून डॉक्टरांना हे कळणे जरूर आहे.

पुष्कळ लोक पोलीस केसच्या भीतीने मागे राहतात. त्यांच्या माहितीसाठी सांगतो. जखमीला आधी उपचार आणि कागदपत्र मागाहून, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच दिला आहे. रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, हे त्याच न्यायालयाने २०१६ साली मान्य केले आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात त्यासाठी कलम घातले गेले. जखमी प्यायलेला होता म्हणून त्याचा उपचाराचा हक्क जात नाही.

शेवटी

हा पाठ मुंबईच्या एका घटनेवरून निघाला, तरी आपला हंगाम काही वेगळा नाही. कोयत्याने पोटरी कापणे, मोळी बांधताना घसरणे, रात्री ट्रॉलीवरून पडणे, बैलगाडीच्या जूखाली सापडणे, हे दर हंगामात कुठे ना कुठे होते. थंडीची रात्र, फडातला दमलेला मजूर, आणि अंग दुखते म्हणून घेतलेली थोडी. त्यात कोणी पडला आणि बाकीचे म्हणाले, "राहू दे, चढलीय त्याला," की तीच घाटकोपरची रात्र आपल्या फडात उतरते.

दारू पिऊ नये हे आम्ही सांगितले तर आपण हसाल, कारण हा उपदेश आपण पुष्कळ ऐकला आहे. तो आम्ही सोडत नाही, पण आज त्याहून लहान गोष्ट मागतो. कोणी पिऊन पडला, आपटला किंवा कापला गेला तर त्याला झोपू देऊ नका. त्याच्या हाताला हात लावून पाहा, नाडी मोजा, सदरा वर करून कूस पाहा आणि शंका आली तर उचला.

आपली मुले मुंबईला असतील तर हे पान त्यांच्याकडे जरूर पाठवावे. टोळीचे मुकादम आणि ट्रॅक्टरचालक यांना गट कार्यालयात बोलावून हंगाम सुरू होण्याआधी आम्ही हा पाठ तोंडी समजावणार आहोत, त्या वेळी सभासदांनीही यावे. ते जुने सभासद येतो म्हणाले आहेत.